पहिल्या रिंगवरची तीन बोटं

आमच्या न्हावऱ्याच्या घरात भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. दुधाच्या भावाची, पाटाच्या पाण्याच्या पाळीची, सकाळची एसटी बंद केली तिच्या निषेधाची. आप्पा, म्हणजे माझे वडील, ती लिहायचे, भीमेचा पूल ओलांडून दौंडच्या छापखान्यात नेऊन छापायचे आणि मोटरसायकलला पिशव्या अडकवून गावोगाव वाटायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली, पुढं बेरजा केल्या, त्याच्याही पुढं स्वतःची पत्रकं लिहायला लागले. जगात अन्याय करणारे आणि सोसणारे अशी दोनच माणसं असतात, आणि आपण कुणाच्या बाजूचे ते पहिल्याच ओळीत सांगून टाकायचं, हे मला दुधाचे दात पडायच्या आत पाठ होतं.

बी.एस्सी. झाल्यावर शिरूर तालुक्यातल्या कारखान्यांच्या पट्ट्यात मला काम मिळालं. पत्र्याच्या शेडमधलं, धातूच्या वस्तूंवर थर चढवणारं छोटं कोटिंग शॉप. मी तपासणीच्या टेबलावर, ठेक्यावर. पहिल्या दिवशी डबा, पाण्याची बाटली आणि एक कोरी वही घेऊन गेले. वही अन्याय टिपायला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तीन ओळी झाल्या. बायकांच्या मोरीला कडी नाही. ठेक्यावरच्यांना हातमोज्यांची एकच जोडी. आणि ठेक्यावरच्या माणसाला उद्यापासून येऊ नको म्हटलं की विषय संपला, का म्हणून विचारायची सोय नाही.

चौथी ओळ लिहायच्या आत कुणीतरी हाक मारली.

“पत्रकवाले, इकडं ये जरा.”

आप्पांची कीर्ती माझ्या आधी शेडमध्ये पोचली होती. हाक मारणारे मामा. ते निमोण्याचे, माझ्या जन्माआधीपासून हे काम करत आलेले आणि माझ्यासारखेच ठेक्यावर. शॉपमध्ये सगळे त्यांना मामाच म्हणत, मालक असलेले साहेबसुद्धा. घरी कांद्याची, उसाची चांगली शेती होती, भाऊ बघत होते. पोटासाठी इथं यायची त्यांना गरज नव्हती. ते गनसाठी येत. गन म्हणजे काय ते मला अजून कळायचं होतं.

मामांनी पोलादाच्या दोन पट्ट्या विटांवर आडव्या मांडल्या होत्या. एक उघडी. दुसरीच्या खालच्या अंगाला पांढरा थर, पोस्टकार्डाच्या जाडीचा. आपल्या डब्यातला गूळ फोडून त्यांनी दोन्ही पट्ट्यांवर एकेक खडा ठेवला आणि खालून गॅसची ज्योत आधी एकीला, मग दुसरीला सारख्याच वेळासाठी लावली. पहिल्या पट्टीवरचा खडा बघता बघता सुटला, फसफसला, काळा पडला. दुसरीवरचा खडा जागच्या जागी बसून राहिला. ज्योत तीच होती आणि मधे होता फक्त तो पांढरा कागदाएवढा थर.

“संपला का जाळ?” मामांनी विचारलं.

“थरानं अडवला,” मी म्हणाले.

“अडवला न्हाई. ताटकळत ठेवला. आजून धर ज्योत, मग बघ.” त्यांनी ज्योत धरून ठेवली. बऱ्याच वेळानं त्या खड्याच्या कडाही ओलसर झाल्या. “उष्णतेला हे असं दारात बसवून ठिवायचं. तेवढ्यात आतलं काम उरकतं. विजेचं मातर येगळं. विजेला दारच न्हाई.”

मग त्यांनी बॅटरी आणि दिव्याचा बल्ब काढला. पोलादाच्या तुकड्याला दोन तारा टेकवल्या, बल्ब लागला. त्याच तुकड्याच्या पांढऱ्या थराच्या बाजूला टेकवल्या, बल्ब मेला. शेवटी प्लास्टिकची एक डबी घेतली. तिच्या आतून तांब्याचा थर फवारलेला होता. त्या आतल्या बाजूला तारा टेकवल्या आणि बल्ब लागला.

मी विज्ञान शिकलेली मुलगी. वाहक आणि रोधक यांच्यावर मी परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती. पण वस्तू एक असते आणि तिची कातडी दुसरंच काही असू शकते, तिनं विजेशी कसं वागायचं हे माणूस वरून ठरवू शकतो, हे मला कुणी दाखवलं नव्हतं. वहीत चौथी ओळ लिहिली ती अन्यायाची नव्हती. “प्लास्टिकमधून वीज गेली,” एवढंच लिहिलं.

गन दुसऱ्या आठवड्यात पाहिली. ती चालते त्या बंद खोलीच्या, बूथच्या, खिडकीला वेल्डिंगसारखी काळी काच होती. आत मामा डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले, श्वासाची नळी लावलेली, हातात गन. गनच्या तोंडातून विजेच्या ठिणगीवर तापलेला वायू बाहेर पडतो, बोटाएवढी पांढरी जीभ. तिच्यात पिठासारखी पावडर सोडली की कण वितळतात आणि बंदुकीच्या छर्र्यांसारखे समोरच्या वस्तूवर जाऊन आपटतात. आवाज असा की शेडचा पत्रा दातांत थरथरतो. मी काचेला नाक लावून उभी होते. समोर लाटण्यासारखा राखाडी रूळ फिरत होता आणि त्याच्यावर डोळ्यांदेखत पांढरं उजाडत होतं.

बाहेर आल्यावर मामा घामानं निथळत होते. “ती जीभ हाय ना,” ते म्हणाले, “सूर्याच्या अंगापरीस गरम. आन् रूळ? हात लावशील तर चटका बसंल, पण बास तेवढाच. वाकत न्हाई, वितळत न्हाई. हाय का नवल?”

“मग पावडर चिकटते कशी?”

“तुझी आई गवऱ्या थापती का?”

“आजी थापायची.”

“खरबरीत भिंतीवर गवरी बसती. गुळगुळीत भिंतीवर घसरती. म्हनून आदी ब्लास्टिंग, दाण्यांचा मारा करून पोलाद खरबरीत करायचं. आन् भिंतीला त्याल लागलेलं आसलं तर?”

“पडेल गवरी.”

“आज न्हाई पडनार. वाळल्यावर पडंल. तेच तर वंगाळ.”

म्हणून शॉपचा एकच धर्म होता. ब्लास्टिंग झालेल्या वस्तूला उघड्या हातानं शिवायचं नाही. भिंतीवर मोठ्या अक्षरांत तसं रंगवलेलंही होतं. पांढरे सुती हातमोजे घालूनच जॉब, म्हणजे थर द्यायची वस्तू, उचलायचा. ब्लास्टिंगला बिहारचा एक पोरगा होता, सगळे त्याला भाऊ म्हणत. तो तयार जॉब असा उचलायचा जसं काही नुकतं जन्मलेलं पोर.

माझे पहिले काही महिने मामा रुळांवरच थर मारत. छापखान्यात आणि प्लास्टिकच्या कारखान्यांत लागणारे लांब रूळ. मग साहेबांनी रिंगांचं काम आणलं. मोठ्या विजेच्या मोटारींमध्ये वीज चुकार होऊन दांड्यातून फिरते आणि जिथं दांडा टेकतो ते बेअरिंग आतून टोचून टोचून खाते. बाहेरून काही दिसत नाही, एक दिवस मोटार बोंब मारते. ते थांबवायला बेअरिंगच्या भोवती पांढऱ्या थराची पोलादी रिंग बसवतात. चुकार विजेची वाट तिथं बंद.

रिंग तपासायचं काम माझं. थर देऊन, राळेचा लेप लावून, भट्टीत वाळवून आणि चाकावर घासून गुळगुळीत केलेली रिंग माझ्या टेबलावर यायची. मी रबरी हातमोजे घालून तिच्यावरून पितळी ब्रश फिरवायचे. ब्रशमध्ये विजेचा एवढा दाब सोडलेला असायचा की माणूस मरेल. थर धड असेल तर काहीही होत नाही. ना आवाज, ना ठिणगी. थरात केसाएवढी जरी फट असली तरी वीज तिथूनच खाली उडी मारते, चट्ट करून निळी ठिणगी पडते आणि बजर वाजतो.

मी घोषणांमध्ये वाढलेली. आवाज झाला म्हणजे काहीतरी घडलं असं मानणारी. इथं मी तासन् तास ब्रश फिरवत होते आणि चार केसांच्या जाडीचा थर त्या सगळ्या विजेला नुसतं बसवून ठेवत होता. काहीच न घडण्याचं मला भय वाटायचं आणि त्याच वेळी देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखंही वाटायचं. देवावर माझा विश्वास नाही. दुसरा शब्द सापडला नाही म्हणून हा लिहिते.

मग चट्ट आवाज यायला लागले.

रिंगा ट्रेमधून यायच्या. प्रत्येक ट्रेमधली पहिली रिंग नापास होऊ लागली. बाकीच्या सगळ्या ठीक. पहिली रिंग मात्र, नेम धरल्यासारखी, एकाच बाजूला ठिणगी टाकायची. दोन ट्रे झाले, चार झाले. रिंगा कमी पोचतायत म्हणून गिऱ्हाईकाकडून फोन आला. साहेब मामांना सगळ्यांसमोर म्हणाले, “मामा, गन तापायच्या आधीच मारायला घेताय तुम्ही. वय झालंय, घाई होते.”

“गन तापल्याबगर म्या घास बी गिळत न्हाई, साहेब,” मामा म्हणाले.

“मग पहिलीच कशी जाते?”

 साहेबांनी सांगितलं, शनिवारी नवा ट्रे आहे. त्यातली पहिली रिंग गेली तर मामा पॅकिंगला आणि गनवर बाहेरचा माणूस.

पॅकिंग म्हणजे खोक्यांना टेप लावायची.  त्या दिवशी मामांनी बूथ झाडायला दुप्पट वेळ लावला. गनचं तोंड काढून पुसलं, परत बसवलं, परत काढून पुसलं.

माझ्या डोक्यात मात्र सगळं लख्ख होतं. पावडरचा डबा दर ट्रेला नवा फुटायचा. डब्यातला वरचा थर खराब असणार. मालकानं हलकी पावडर आणली आणि खापर ठेक्यावरच्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर. बुधवारी मी पत्रक लिहिलं. वरच्या अर्ध्यात हलक्या पावडरचा आरोप, माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वाक्यं. खालच्या अर्ध्यात मागणी : ठेक्यावरच्या कुठल्याही कामगाराला चौकशी केल्याशिवाय कामावरून हलवू नये, चौकशीत त्याचं म्हणणं लिहून घ्यावं. आप्पांनी दौंडला जाऊन गुरुवारी छापून आणलं. शुक्रवारी संध्याकाळी पाळी सुटताना गेटवर वाटायचं ठरलं. गठ्ठा माझ्या पिशवीत होता, अजून शाईचा वास येत होता.

शुक्रवारी सकाळी माझ्यासमोर नापास रिंगांची रांग होती. पत्रकाला पुरावा म्हणून मी त्या नीट बघायला बसले. आमच्याकडं भीमेच्या काठाला कलिंगडं होतात. लहानपणापासून बोटानं वाजवून आतलं ओळखायची सवय. काही सुचत नव्हतं म्हणून एका रिंगवर नाण्याच्या कडेनं टकटक करत गेले. टण, टण, टण, मग एकदम डब. पुन्हा डब. थोडं पुढं टण. जिथं डब वाजलं तिथं थर पोलादाला धरून नव्हता, आत पोकळ होतं. मी पेन्सिलीनं त्या जागांभोवती रेघा ओढल्या.

तीन लांबट ठिपके. शेजारीशेजारी. मधला जरा वर.

दुसरी रिंग घेतली. तीन ठिपके, मधला वर. तिसरी. तेच.

 मग उजव्या हाताची तीन बोटं त्या ठिपक्यांवर ठेवली. बसली. माझी बोटं बारीक, ठिपके रुंद होते, पण बसली.

ब्लास्टिंगच्या भावाकडं गेले. विचारलं, “भय्या, ट्रेमधल्या पहिल्या रिंगला कोण हात लावतं?”

तो दाणे चाळत होता. त्यानं मान वर केली नाही. “मामा लगाते हैं.”

“हातमोजा घालून?”

“नहीं दीदी. उतार के. फिर माथे को लगाते हैं.” त्यानं स्वतःच्या कपाळाला हात लावून दाखवलं.

“आणि तू बघत होतास? भिंतीवर काय लिहिलंय?”

तो कळवळून म्हणाला, “वो तो पूजा है दीदी. पूजा में बुजुर्ग को कौन टोके?”

मला सगळं दिसलं. मामा भवानी करत होते. दुकानदार पहिल्या गिऱ्हाईकाची नोट कपाळाला लावतो, गडी रानात पाय ठेवताना मातीला हात लावून कपाळाला लावतो, तसं ते ट्रेमधल्या पहिल्या जॉबच्या पाया पडत होते. आयुष्यभर पडत आले होते. रुळांच्या वेळी ते चालून गेलं, कारण रुळाच्या टोकांना थर द्यायचा नसतो, तिथं टेप गुंडाळलेली असते, आणि मामा नेहमी टोकालाच हात लावायचे. रिंगला टोकच नाही. ती सगळीकडून पांढरी व्हायची असते. हात जिथं पडला तिथं घाम, तिथं मिठाचा आणि तेलाचा अंश, त्यावर थर. दिसायला बाकीच्यासारखाच. वाळल्यावर, घासल्यावर, गवरी भिंतीपासून सुटलेली.

तीन बोटांचा घाम. डोळ्यांना न दिसणारा. आणि तो सूर्यापेक्षा तापलेल्या मारातून टिकून राहिला, भट्टीतून टिकला, आणि शेवटी मामांच्या बोटांचा ठसा होऊन माझ्या टेबलावर आला.  मग पिशवीतला गठ्ठा आठवला.

खरं सांगते, पहिल्यांदा वाटलं ते हे : पावडर खराब निघाली असती तर किती बरं झालं असतं. दुसऱ्यांदा वाटलं, कुणाला कळतंय? गठ्ठा वाटला असता तर साहेब दबले असते, मामा गनवर राहिले असते. पण पहिली रिंग पुन्हा गेलीच असती. आणि आमच्या घरात एक नियम होता, तो आप्पांनी कधी छापला नाही, पण तो होता : खोटं छापायचं नाही. मी छापून बसले होते. गेटवर वाटायचं तेवढं राहिलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत मामा कडुनिंबाखाली डबा उघडून बसले होते. मी रिंग त्यांच्यासमोर ठेवली आणि नाणं हातात दिलं.

“वाजवा.”

त्यांनी वाजवलं. टण, टण, डब. त्यांचा हात थांबला.

“आता तीन बोटं ठेवा तिथं.”

त्यांनी ठेवली. ठिपक्यांच्या कडेला कडा लागून बसली. भाकरीचा घास दुसऱ्या हातात तसाच राहिला.

“म्हंजी माझ्याच हातानं?”

मी मान हलवली.

“पाया पडल्यामुळं?”

“उघड्या हातानं पाया पडल्यामुळं. हातमोजा असता तर...”

“हातमोजा घालून कुनी पाया पडतं का गं? चपला घालून देवळात जायाचं का मग?” आवाज चढला होता. मग त्यांनी पुन्हा रिंगकडं पाहिलं. बोटं उचलली, परत ठेवली. राग कुठं गेला कळलं नाही. “बघ की,” ते हळू म्हणाले, “एवढ्या जाळात बी माझी बोटं ऱ्हायली.”

“मामा, आता काय करायचं?”

“काय म्हंजी? साहेबाला सांगायचं.”

“ते तुम्हाला आजच गनवरून काढतील.”

“आन् न सांगता ऱ्हायलो तर उद्याच्याला बोटं न लावता रिंग पास करून दाखवीन, मोठा शहाना. पन मग गेलेल्या रिंगा कुणाच्या नावावर? पावडरवाल्याच्या?”

मी पिशवी मागं सरकवली. मामांनी माझ्याकडं नीट पाहिलं.

“पत्रकवाले, तू काय लिव्हलंयस?”

त्यांनीच माझी पिशवी उघडली, वरचं पत्रक घेतलं, लांब धरून वाचलं. हसले. “झकास लिव्हलंय. एक बी शब्द खरा न्हाई, पन झकास.” खालच्या अर्ध्यावर आले तेव्हा हसू गेलं. ते दोनदा वाचलं. मग रिंग एका हातात, पत्रक दुसऱ्या हातात घेऊन थेट साहेबांच्या केबिनमध्ये. मी मागं धावले.

“साहेब, चूक माझी हाय. पावडर चांगली हाय, गन चांगली हाय. आन् ह्या पोरीनं तुमच्या इरोधात पत्रक छापलंय ते चुकीचं हाय, वरचं अर्धं.”

साहेब आधी रिंग बघत बसले. नाण्यानं स्वतः वाजवली, दोनदा, तीनदा. त्यांच्याही चेहऱ्यावर मी ते नवल पाहिलं जे माझ्या चेहऱ्यावर सकाळी असणार. मग पत्रक वाचलं आणि कान लाल झाले.

“वरचं अर्धं चुकीचं, म्हणजे खालचं बरोबर?” त्यांनी मला विचारलं.

 मी म्हणाले, “हो. तुम्ही मामांना विचारलं असतं की कामाला सुरुवात कशी करता, सगळं सांगा, तर हे चार ट्रे आधी कळलं असतं. तुम्ही विचारलं नाही. तुम्ही वय काढलं.”

साहेबांनी पत्रक बाजूला ठेवलं. रिंग मामांकडं सरकवली. “शनिवार शनिवारच राहील,” ते म्हणाले. “पहिली रिंग पास झाली पाहिजे. नाहीतर मी गिऱ्हाईकाला काय सांगू?”

त्या संध्याकाळी गेटवर मी काही वाटलं नाही.

शनिवारी ट्रे आला. ब्लास्टिंगच्या भावानं पहिली रिंग हातमोज्यानं उचलली आणि बूथमधल्या फिरत्या दांड्यावर चढवली. सगळे काहीतरी काम काढून आसपास रेंगाळत होते. मामा सगळा पोशाख घालून गनपाशी गेले आणि उभे राहिले. नुसतेच. गन हातात घेईनात. 

“काय झालं मामा?” साहेबांनी विचारलं.

“हात उचलंना, साहेब. तसंच कसं सुरू करायचं?”

कुणी हसलं नाही. साहेब घड्याळाकडं बघायला लागले. मी रिंगकडं पाहिलं. ती दांड्याच्या मधोमध होती, आणि दांड्याचं टोक, त्या काळ्या पडलेल्या जुन्या लोखंडाचं, वीतभर बाहेर आलेलं होतं.

“मामा,” मी म्हणाले, “रुळाला टोक होतं. हे टोक नाही का?”

मामांनी टोकाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. उजव्या हाताचा हातमोजा काढला, टोकाला तीन बोटं टेकवली, कपाळाला लावली. भावानं न सांगता कोरा हातमोजा पुढं केला. तो घालून मामांनी गन उचलली आणि शेड दणाणली.

थर चढला, पण निकाल लगेच नसतो. लेप, भट्टी, घासणी. रिंग माझ्या टेबलावर सोमवारी येणार होती. मधे रविवार.

रविवारी सकाळी मी आप्पांना सगळं सांगितलं. ते ओसरीवर चहा पीत होते. ऐकून घेतलं, मग म्हणाले, “वरचं चुकलं. खालचं?”

“खालचं बरोबर आहे.”

“मग खालचं वाट.”

“एकाच कागदावर आहे, आप्पा.”

आप्पा उठले, पोलादी पट्टी आणली, गठ्ठ्यातलं पहिलं पत्रक घेऊन मधोमध पट्टी दाबली आणि सरळ फाडलं. वरचा अर्धा माझ्या मांडीवर टाकला. दुपारपर्यंत आम्ही दोघं फाडत बसलो. माझी सगळ्यात चांगली वाक्यं माझ्याच शेजारी ढिगानं साठत होती. आप्पा मधूनच एखादं उचलून वाचायचे, “हे चांगलं जमलंय,” म्हणायचे आणि ढिगात परत टाकायचे. त्या अर्ध्या कागदांची पाठ कोरीच होती. वायाला जाणार नव्हती.

सोमवारी पाळी भरायच्या वेळी मी गेटवर उभी राहिले. लोकांनी अर्धे कागद उलटेपालटे करून पाहिले.

“वरचं कुठं गेलं?” पॅकिंगमधल्या एका बाईनं विचारलं.

“वरचं चुकलं होतं,” मी म्हणाले. “खालचं वाचा.”

तिनं वाचलं आणि घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवलं. साहेबांची गाडी आत गेली. त्यांनी काच खाली करून एक कागद घेतला.

दहाच्या सुमाराला रिंग आली. पेढ्यासारखी गुळगुळीत. मामा टेबलापासून पाच हातांवर उभे होते, त्याच्या पुढं कुणाला यायची परवानगी नाही. भाऊ त्यांच्या मागं. साहेब केबिनच्या दारात. मी रबरी हातमोजे चढवले, दाब सोडला, ब्रश रिंगला लावला आणि सावकाश फिरवायला लागले. ज्या बाजूला एरवी ठिणगी पडायची ती बाजू यायला लागली तसा मी ब्रश आणखी घट्ट धरला. ब्रश तिथं पोचला. तिथून पुढं गेला. पूर्ण फेरी झाली. मी दुसरी फेरी मारली, आणखी हळू. पंख्याचा आवाज ऐकू येत होता, बाहेर ट्रक मागं घेतल्याचा आवाज. ब्रशमधली ती सगळी वीज, मोटारी जाळणारी, माणूस मारणारी, त्या पांढऱ्या थरावर येऊन बसली होती आणि तिला जायला वाट नव्हती.

काहीच घडलं नाही.

मी दाब बंद केला, रिंग अर्थिंगच्या तारेला टेकवून तिच्यात साठलेली वीज सोडली आणि वहीत ‘पास’ लिहिलं. साहेबांनी दारातून मान हलवली. “मामा, उरलेला ट्रे घ्या,” म्हणाले आणि आत गेले. जाताना त्यांच्या हातात तो अर्धा कागद होता. त्याचं पुढं काय झालं ही वेगळी आणि लांबलेली भांडणाची गोष्ट आहे, अजून चालू आहे.

मामा जागचे हलले नव्हते.

“पत्रकवाले,” ते म्हणाले, “आता लावू का हात?”

“आता लावा.”

त्यांनी दोन्ही हातमोजे काढून खिशात घातले, जवळ आले आणि सगळा तळवा रिंगवर ठेवला.

“गार हाय,” ते म्हणाले, आणि हात तसाच ठेवून उभे राहिले.